ऑलिंपियातली तालीम

टेक्ससमधल्या प्लेनोत शरद ऋतूतली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे शाळांचे फुटबॉल सामने. शेजारच्या ॲलन गावाने २०१२ साली एका हायस्कूलसाठी १८,००० प्रेक्षकांचे स्टेडियम उभारले, सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून. इथे वाढणाऱ्या आमच्या मराठी मुलांना खेळ म्हटला की झगझगीत दिवे, बँड आणि भरलेल्या गॅलऱ्या आठवतात. त्यांना घेऊन ग्रीसला जावे, तर ऑलिंपियातही त्यांची ओढ थेट स्टेडियमकडेच. कमानीखालून आत जायचे, १९२ मीटर पळायचे, फोटो काढायचे. या घाईत प्रवेशद्वारापासून जवळच, उजव्या हाताला असलेले पालेस्त्राचे अवशेष मागे पडतात. ऑलिंपिया समजून घ्यायचे तर आधी तिथे तासभर थांबावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ती मल्लांची तालीम होती.

इमारत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. आपल्या चौसोपी वाड्यासारखी तिची रचना : बाहेरून साधारण ६६ मीटर लांबरुंद, मधोमध ४१ मीटरचे मोकळे अंगण, चारी बाजूंना खांबांची ओसरी आणि ओसरीमागे खोल्या. उत्खननानंतर पुन्हा उभे केलेले काही खांब आज झाडांच्या सावलीत दिसतात. मल्ल, मुष्टियोद्धे आणि लांब उडी मारणारे इथे मेहनत करत. कपडे उतरवायची खोली वेगळी, ऑलिव्हचे तेल चोळायची वेगळी, तेलावर बारीक धूळ लावायची वेगळी, स्नानाची वेगळी. मेहनत संपली की धातूच्या वाकड्या पात्याने अंगावरचे तेल, घाम आणि माती खरवडून काढत. ही खरवड फेकून देत नसत. ती औषध म्हणून विकली जाई, असे रोमन लेखक प्लिनी नोंदवतो.

माझे वडील कोल्हापूरच्या तालमीत घुमलेले. खोल्यांची माहिती वाचून दाखवल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, “आणि हौदा कुठाय?” प्रश्न अगदी मर्मावरचा होता. कुस्ती चाले ती उघड्या अंगणात, भुसभुशीत केलेल्या मातीत. जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत मल्लांजवळ कुदळ दिसते. जमीन उकरून मऊ करणे हा त्यांच्या व्यायामाचाच भाग होता. आपल्याकडेही हौद्यातली तांबडी माती पैलवानच फावड्याने उकरतात, तिच्यात तेल, ताक, लिंबू आणि हळद मुरवतात, मग जोड धरतात. त्याच चित्रांत लांब काठी घेतलेला वस्तादही असतो. चुकीचा डाव टाकणाऱ्याच्या पाठीवर ती काठी बसे.

नियम मात्र वेगळे. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती चितपट. तिथे प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडावे लागे. वजनी गट नव्हते. स्पर्धेआधी दहा महिने सराव केल्याची शपथ झ्यूसच्या मूर्तीपुढे घ्यावी लागे आणि शेवटचा महिना एलिस या नगरात पंचांच्या नजरेखाली घालवावा लागे. विवाहित स्त्रियांना तर स्पर्धा पाहण्याचीही बंदी होती. टेक्ससमधल्या शाळांत आज मुलीही कुस्ती खेळतात. मुलींना घेऊन या अंगणात उभे राहताना ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी.

पालेस्त्राला लागूनच व्यायामशाळेचे लांबलचक आवार होते. पावसापाण्यात धावण्याचा सराव करता यावा म्हणून तिथे स्टेडियमच्या लांबीची छप्पर असलेली धावपट्टी बांधली होती. तिचा बराच भाग क्लादेओस नदीने खाल्ला. भूकंप आणि पुरांच्या गाळाखाली सगळे ऑलिंपियाच गडप झाले होते. १८७५ पासून जर्मन संशोधकांनी पद्धतशीर उत्खनन केले, तेव्हा ते उजेडात आले.

इथे शाहू महाराजांची आठवण येणे मला स्वाभाविक वाटते. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोममधले प्राचीन प्रेक्षागार पाहिले, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान खुले झाले : मध्ये हौदा, भोवती उतरती गोल बैठक, कुठूनही कुस्ती दिसावी अशी. महाराजांनी युरोपातून प्रेक्षागाराची कल्पना आणली. तालमी आणि मेहनत कोल्हापूरच्या पेठांत होतीच, तिला त्यांनी राजाश्रय दिला. त्याच मातीतून पुढे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव निघाले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तिथे कुस्ती मॅटवर होती. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. ऑलिंपियात पेटवलेली ज्योत धावत नेण्याची प्रथा त्याच बर्लिन स्पर्धेपासून सुरू झाली.

पालेस्त्राच्या काही खोल्यांत भिंतीलगत दगडी बाके आहेत. तिथे बसून लोक भाषणे ऐकत, वाद घालत. ग्रीक नगरांमधून तालीम ही बोलण्याचीही जागा होती. प्लेटोच्या ‘लायसिस’ या संवादात सॉक्रेटिस नव्या पालेस्त्रातच तरुणांशी मैत्रीविषयी बोलतो. प्लेटोची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचे लायसियम ही दोन्ही विद्यापीठे व्यायामशाळांच्या आवारात वाढली. कोल्हापूरच्या तालमींतही गणेशोत्सवापासून पेठेतल्या भांडणतंट्यांपर्यंत सगळे ठरत आले आहे. अंगमेहनत आणि विचार या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी आहेत, ही समजूत या दोन्ही ठिकाणी टिकत नाही.

म्हणून अथेन्सला परतल्यावर अर्धा दिवस राखून ठेवावा. १९९६ मध्ये एका संग्रहालयासाठी पाया खोदताना रिगिलिस रस्त्याजवळ लायसियमचे अवशेष सापडले आणि २०१४ पासून ती जागा सर्वांना पाहता येते. ॲरिस्टॉटल जिथे शिकवत असे त्या परिसरात जमिनीतून वर आले ते एका पालेस्त्राचेच पाये : मधले अंगण, भोवतालच्या खोल्या आणि स्नानगृहे. ऑलिंपियातला आराखडा डोळ्यांसमोर ताजा असला, तर कुठली खोली कशाची, हे मुले आपणहून ओळखू लागतात.