इवल्याशा कुत्र्याला अदृश्य कुंपण पुरेल का?

फाटक जरा उघडे राहिले की घरातला चिमुकला चिहुआहुआ किंवा पॉमेरियन डोळ्यांदेखत रस्त्यावर पळतो आणि सारे घर त्याच्या मागे धावत सुटते. रायपूरच्या शंकरनगर, चौबे कॉलनीसारख्या वस्त्यांत, जिथे घरापुढे थोडेसे अंगण असते, तिथे कुत्रा पाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मग परदेशी राहणारा एखादा नातलग 'अदृश्य कुंपण' बसवण्याचा सल्ला देतो.

अमेरिकेत 1970 च्या दशकात निघालेले हे साधन दिसायला साधे आहे. अंगणाच्या कडेने जमिनीत तार पुरतात. घरातले यंत्र त्या तारेतून रेडिओ संदेश सोडते आणि कुत्र्याच्या गळपट्ट्यातली डबी तो टिपते. कुत्रा तारेजवळ गेला की आधी 'बीप' वाजते. तरीही तो पुढे सरकला, तर मानेला विजेचा हलका झटका बसतो.

पण 'हलका' कोणासाठी? चिहुआहुआचे वजन साधारणपणे 3 किलोंच्या आतच असते. बरेचसे गळपट्टे मात्र साडेतीन-चार किलोंहून मोठ्या कुत्र्यांसाठी असतात. अगदी लहान गळपट्टेही सव्वादोन किलोंपासून पुढच्यांसाठीच मिळतात. शिवाय या जातींची श्वासनलिका नाजूक असते. डबीची टोके कातडीला टेकावीत म्हणून पट्टा घट्ट बांधावा लागतो. तो तासन्तास राहिला, तर मानेवर जखमा होतात. झटक्याने भेदरलेला कुत्रा त्या क्षणी समोर दिसलेल्या मुलाचीच धास्ती घेऊ शकतो. वेल्समध्ये तर कुत्र्या-मांजरांना असे झटक्याचे पट्टे घालण्यावर 2010 पासून बंदी आहे.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. हे कुंपण आपल्या कुत्र्याला आत अडवते, पण बाहेरच्या मोकाट कुत्र्यांना अडवत नाही. त्यांच्या गळ्यात कुठे पट्टा असतो? टोळके आत शिरले, तर दोन किलोंच्या जिवाला पळायलाही वाट उरत नाही. शिवाय वीज गेली आणि यंत्राला बॅटरीचा आधार नसला, की कुंपणही संपले.

पैसे वाचवण्यासाठी घरच्या विजेचा प्रवाह तारेत सोडण्याचा विचार मात्र चुकूनही करू नये. छत्तीसगडच्या जंगलांत अशा बेकायदा तारांनी हत्तींचे आणि माणसांचेही बळी घेतले आहेत.

त्यापेक्षा फाटकाच्या खालच्या भागाला बारीक जाळी लावावी. भिंतीखालची भोके बुजवावीत. फिरायला नेताना गळ्याऐवजी छातीला बांधायचा पट्टा वापरावा. फाटक उघडताना 'बस' म्हटले की बसायची सवय खाऊ देऊन लावावी. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचावी आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहावा.

आणि अंगणात सोडल्यावर घरातल्या कोणाची तरी नजर त्याच्यावर असावी. इतक्या लहान जिवाला तिच्याइतके भक्कम कुंपण दुसरे नाही.