बॉसचा मेलच आला नाही!

श्रावणी सोमवार म्हणजे आमच्या ओतूरला जत्रा. कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायला मुंबई-पुण्याची पाखरं घरी परततात. गेल्या वर्षी मीही हिंजवडीतून सुट्टी टाकून गेलो. नारायणगावहून ताई आली होती. आईनं आम्हाला बघताच निकाल दिला, ‘‘दोघांचीही तोंडं उतरलीत!’’

रात्री गच्चीवर ताई एकदम म्हणाली, ‘‘अरे, सात महिने पाळीच नाही. सगळे म्हणतात, टेन्शन असेल.’’ ताई अवघी ३७ वर्षांची. रात्री दरदरून घाम, झोपेचं खोबरं, कारण नसताना चिडचिड.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढून या विषयांवर मराठीत मोकळेपणानं लिहिलं. आम्ही सख्खी भावंडं मात्र इतकी वर्षं गप्पच! मग मीही बोललो. वर्षभर अंगात त्राण नाही, जवळीक नकोशी. आम्हाला मूल हवं होतं आणि मी रोज ‘दमलोय’ म्हणत कूस बदलायचो. बायकोला वाटायचं, तिच्यातच काही कमी आहे. जिममधला मित्र मात्र खुशाल म्हणत होता, ‘‘एक इंजेक्शन घे, वाघ होशील!’’

तक्रार तीच, कारण वेगळं

पुण्यात आम्ही दोघांनीही तपासण्या केल्या. डॉक्टरांनी आमच्या भाषेत समजावलं. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी म्हणजे बॉस. ती एलएच आणि एफएसएच नावाचे ‘मेल’ पाठवते. पुरुषांचे वृषण आणि बायकांची बीजकोशं म्हणजे फॅक्टरी. तिथे टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन तयार होतं. आणि हो, दोन्ही हार्मोन्स दोघांच्याही शरीरात असतात, फक्त प्रमाण वेगळं.

ताईची फॅक्टरीच वेळेआधी मंदावली होती. म्हणून बॉस मेलवर मेल पाठवत होता. महिन्याच्या अंतरानं दोनदा तपासलं, दोन्ही वेळा एफएसएच चढलेलं आणि इस्ट्रोजेन घसरलेलं. चाळिशीच्या आत असं झालं तर प्रश्न फक्त पाळीचा नसतो. हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. म्हणून तिला हार्मोन्सचं औषध सुरू झालं. रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, ते घ्यायचं आहे.

माझं उलटं. फॅक्टरी ठीक, पण बॉसच ढिला! वजन ९४ किलो, झोप पाच तास, घोरणं असं की शेजारी जागे. वाढलेली चरबी हा मेल अडवते. आणि इंजेक्शन? बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो मेल बंद करतो आणि शुक्राणू बनणंही थांबू शकतं. मूल हवं असणाऱ्या माझ्यासारख्याला तो ‘वाघ’ चांगलाच महागात पडला असता!

मला औषध मिळालं नाही, मिळालं ते टाइमटेबल. रोज चालणं, रात्रीचे कॉल बंद, घोरण्यावर उपचार. आठ महिन्यांत ११ किलो उतरले आणि आकडाही वर सरकला.

तुम्हीही लक्षात ठेवा

• पुरुषांची टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी लवकर, उपाशीपोटी करा. संध्याकाळी आकडा आपोआप खाली येतो.

• एका रिपोर्टवर घाबरू नका. दोन वेगवेगळ्या दिवशी आकडा साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आला आणि लक्षणंही असली, तरच पुढचा विचार.

• पाळी तीन-चार महिने चुकली, तर आधी गर्भचाचणी, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि एफएसएच. टोकाचं डाएट आणि अति व्यायामानंही पाळी थांबते.

• थकवा आणि उदासी हार्मोन्समुळेच असते असं नाही. रक्त कमी असणं, मधुमेह, नैराश्य हेही तपासा.

यंदाच्या श्रावणात आम्ही पुन्हा त्याच गच्चीवर होतो. या वेळी बायकोही सोबत. गोड बातमी अजून नाही, पण अबोला संपलाय. ताई शांत झोपते. जाताना म्हणाली, ‘‘लाज वाटली म्हणून सात महिने घालवले रे. तू लिही हे. कुणाचे तरी वाचतील.’’

म्हणून लिहिलं. आता उठा आणि तपासणीची वेळ घ्या!