लाट पकडणारे यंत्र

काशीच्या दुर्गाघाटाच्या परिसरात पेशवाईपासून मराठी घरे आहेत. हा घाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधला. पावसाळ्यात गंगा चढू लागली की पाणी मोजायला घाटाच्या पायऱ्याच पुरतात. सहावी बुडाली, सातवी अजून कोरडी. पाणी मात्र पायरी-पायरीने चढत नाही, ते सलग चढते. मधले चार बोटे पाणी हिशेबातून सोडून द्यावे लागते. अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे एडीसी, विजेच्या दाबाचे हेच करतो. आठ बिटांच्या एडीसीला 256 पायऱ्या असतात, बारा बिटांच्या एडीसीला 4096.

पूर संथ असतो. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे, आणि 9 सप्टेंबर 1978 रोजी पाणी 73.901 मीटरपर्यंत गेले होते. अशा पाण्याला तासाला एक नोंद भरपूर झाली. पण मोटरबोटीची लाट क्षणात दोन पायऱ्या भिजवून परत जाते. तासाच्या नोंदीत ती सापडणार नाही. नेमक्या त्याच क्षणी नजर गेली, तर भलताच आकडा वहीत चढेल.

या लाटेचा खरा बंदोबस्त पाहायचा तर पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला जावे. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ती उभी करणारे गोविंद स्वरूप अलाहाबाद विद्यापीठात शिकलेले. तबकडीने टिपलेला सिग्नल ऑप्टिकल फायबरमधून केंद्रीय इमारतीपर्यंत अ‍ॅनालॉग रूपातच येतो. त्याचा आकडा होतो तो तिथे. पूर्वी एका वेळी जेमतेम 32 मेगाहर्ट्झचा पट्टा हाताळता येई. दुर्बिणीच्या नूतनीकरणानंतर हा पट्टा 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला.

इतक्या पट्ट्यासाठी सेकंदाला निदान दुप्पट, म्हणजे 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. नमुने कमी पडले तर जलद लाट नुसती हुकत नाही, ती संथ लाटेचे सोंग घेऊन आकड्यांत शिरते, आणि एकदा शिरली की कोणतेही सॉफ्टवेअर तिला ओळखू शकत नाही. म्हणून एडीसीच्या आधी फिल्टर लावून पट्ट्याबाहेरचे सगळे कापतात. तीस तबकड्या, प्रत्येकीचे दोन सिग्नल, नमुन्याला एक बाइट धरली तर सेकंदाला 48 गिगाबाइट होतात. हे सगळे साठवणे परवडणारे नाही. ते येता येताच पचवावे लागते.

पण नमुन्यांची संख्या ही अर्धीच गोष्ट. एक मायक्रोसेकंदात आकडा देणारा बारा बिटांचा एडीसी घ्या. सेकंदाला दहा लाख आकडे! तरी आकडा तयार होत असताना सिग्नल एका पायरीपेक्षा जास्त हलता कामा नये अशी अट घातली, तर पूर्ण आवाक्याच्या लाटेसाठी हा एडीसी 78 हर्ट्झच्या पुढे टिकत नाही. घरातली 50 हर्ट्झची वीज त्याला कशीबशी झेपते. यावर तोड म्हणजे सॅम्पल-अँड-होल्ड. एक स्विच आणि एक कपॅसिटर: स्विच उघडला की त्या क्षणाचा दाब कपॅसिटरवर अडकून राहतो आणि एडीसी तो सावकाश मोजतो. माझ्या मते या सगळ्या कारखान्यातला सर्वांत हुशार भाग हाच, आणि कौतुक मात्र बिटांचे होते.

कारण मग सगळा भार त्या स्विचच्या वक्तशीरपणावर येतो. 400 मेगाहर्ट्झच्या लाटेवर आठ बिटांची अचूकता खरोखर हवी असेल, तर स्विच उघडण्याची वेळ साधारण एका पिकोसेकंदाहून जास्त मागेपुढे होता कामा नये. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा मिलिमीटरचा तिसरा हिस्साच कापतो. या डळमळीला जिटर म्हणतात. घड्याळ डळमळीत असेल तर सोळा बिटांचा महागडा एडीसीसुद्धा आठ बिटांचेच काम करतो.

गंमत म्हणजे आकाशातल्या सिग्नलला फार बिट लागतच नाहीत. तो जवळजवळ निव्वळ खरखर असतो; दोन बिटांत मोजला तरी संवेदनशीलता बारा टक्क्यांच्या आसपासच घटते. जादा बिट लागतात ते माणसांच्या उपद्रवासाठी. विजेच्या तारांवर ठिणगी पडली की क्षणभराचा टोकदार धक्का येतो. वरच्या पायऱ्या रिकाम्या ठेवलेल्या नसतील तर एडीसी माथ्याला टेकतो आणि तेवढा वेळ आंधळा होतो. खोडदला असे धक्के आकडे वाहत असतानाच ओळखून वगळण्याची सोय केली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पल्सारसारख्या, फिरता फिरता ठरावीक ठोके देणाऱ्या ताऱ्यांसाठी. पहिला मिलिसेकंद पल्सार 1982 मध्ये सापडला. तो शोधणाऱ्या चमूत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. तो तारा सेकंदाला 642 वेळा फिरतो. त्याचा नुसता ठोका ऐकायलाही सेकंदाला तेराशेच्या आसपास नमुने हवेत, आणि ठोक्याचा आकार पाहायचा तर त्याहून कितीतरी जास्त.

एडीसी विकत घेणाऱ्याने माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचे बिट पाहून भुलू नये. आपल्या सर्वांत जलद सिग्नलवर त्यातले किती बिट खरोखर हाती लागतात, तो आलेख आधी शोधावा. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, विज्ञान दिनाच्या सुमारास, जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, तेव्हा खोडदला जरूर जा. तबकड्यांपुढे फोटो सगळेच काढतात. सिग्नलचा आकडा नेमका कुठे होतो, एवढे मात्र तिथल्या अभियंत्यांना विचारून या.