गच्चीची निगा पावसाआधी

बेळगाव-गोव्याकडील व्यापारी संकुलांची सपाट गच्ची बहुधा खालच्या दुकानातले कापड भिजल्यावरच आठवते. वास्तविक ते काम मे महिन्यातले. विटांच्या तुकड्यांच्या कोब्याला साधारणतः १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार देतात. पण पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की तो उतार निरुपयोगी ठरतो. (पाटी रंगवायला पैसे निघतात, जाळीला नाहीत!) तुंबलेले पाणी भेगांतून सळयांपर्यंत पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून स्लॅबचे पोपडे सुटतात. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने हे लवकर घडते. कठड्यातले पिंपळाचे रोप छाटू नये, मुळासकट काढावे. फलक बसविताना पडलेली भोके त्याच दिवशी बुजवावीत. जूनमध्ये ओल्या कोब्यावर लेप नीट धरत नाही.