कबुलीमागचा हिशेब

'निर्दोष माणूस गुन्हा कबूल करेलच कशाला?' अमेरिकेतल्या न्यायाविषयी बोलताना हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा सिनेमातलं कोर्ट असतं: बारा ज्युरर, उलटतपासणी, शेवटी निकाल. प्रत्यक्षात तिथे असा खटला पूर्ण चालणं हाच अपवाद आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच २०१२ मध्ये एका निकालात नोंदवलं की केंद्रीय न्यायालयांतल्या सुमारे ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतल्या सुमारे ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या स्वतःच्या कबुलीवरून होतात.

ही कबुली म्हणजे पोलिसांपुढचा जबाब नव्हे. सरकारी वकील आणि बचावाचा वकील आधी बोलणी करतात. आरोप हलका होतो किंवा कमी शिक्षेची शिफारस मिळते, आणि त्या बदल्यात आरोपी खटल्याचा हक्क सोडतो. हेच प्ली बार्गेन. भारतातही २००६ पासून त्याची तरतूद आहे, पण सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या ठरावीक गुन्ह्यांपुरतीच. अमेरिकेत खुनाच्या आरोपातही असा सौदा होतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या आल्फर्ड नावाच्या आरोपीनं 'खून मी केला नाही, पण मृत्युदंडाच्या भीतीनं कबूल करतो' असं कोर्टात सांगितलं होतं. त्याच्याविरुद्ध भक्कम पुरावा असल्यामुळे ही कबुली वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्ये ठरवलं.

दुसरा गैरसमज असा, की सौदा म्हणजे गुन्हेगाराला मिळालेली सवलत. केंटकीतल्या पॉल हेझचं प्रकरण पाहा. त्याच्यावर ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक वटवल्याचा आरोप होता, आणि त्या गुन्ह्याला दोन ते दहा वर्षांची शिक्षा होती. सरकारी वकिलानं सांगितलं, कबूल केलंस तर पाच वर्षांची शिफारस करतो. खटला चालवायला लावलास, तर सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली आरोप लावतो. हेझच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते, म्हणजे शिक्षा जन्मठेपेची. हेझ नको म्हणाला. वकिलानं बोलल्याप्रमाणे केलं, ज्युरीनं दोषी ठरवलं आणि त्याला जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी वकिलाचं वागणं घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला.

गुन्हा तोच, पुरावा तोच. पाच वर्षं आणि जन्मठेप यांच्यामध्ये उभी होती ती फक्त एक गोष्ट: आरोपीनं घटनेनं दिलेला हक्क मागितला. मला हीच गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते. कमी झालेल्या शिक्षेला सवलत म्हणायचं की वाढवलेल्या शिक्षेला दंड, हे मूळ शिक्षा कोण आणि किती ठरवतो यावर अवलंबून आहे, आणि कोणता आरोप लावायचा हे सरकारी वकीलच ठरवतो.

'पण न्यायाधीश विचारतात ना?' विचारतात. कबुली स्वेच्छेची आहे का, कोणते हक्क सोडता आहात ते समजलं का, कुणी धमकी दिली का, हे सगळं भर कोर्टात विचारलं जातं. मात्र खटला लढवल्यास जास्त शिक्षेची भीती ही कायद्याच्या लेखी धमकी ठरत नाही. आरोपी 'स्वेच्छेनं' म्हणतो, आणि नोंद पूर्ण होते.

जामिनाला पैसे नसले की हे गणित आणखी बिघडतं. न्यूयॉर्कचा कलीफ ब्राउडर २०१० मध्ये सोळा वर्षांचा असताना बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला. तीन हजार डॉलरचा जामीन घरच्यांना झेपला नाही. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तो सुमारे तीन वर्षं खटल्याविना राहिला, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. किरकोळ गुन्हे कबूल कर आणि आजच घरी जा, इथपर्यंत त्याला सांगून झालं. तो नाहीच म्हणत राहिला. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्यानं जीव दिला. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी कबूल करून घर गाठलं असतं, तर त्याला दोषी समजायचं का?

टेक्सासमधल्या हॅरिस काउंटीनं याचं उत्तर कागदोपत्रीच दिलं आहे. तिथे अमली पदार्थ बाळगल्याच्या प्रकरणांत आरोपींनी आधी गुन्हा कबूल केला, शिक्षाही झाली, आणि प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला: जप्त केलेल्या वस्तूत बेकायदा पदार्थ नव्हताच. अशा शंभराहून अधिक लोकांची दोषसिद्धी पुढे रद्द करावी लागली.

म्हणून कबूल करणारे सगळेच निर्दोष, असंही नाही. बहुतेकांविरुद्ध पुरावा असतो, आणि कबुलीमुळे पीडितेची भर कोर्टातली उलटतपासणी टळते, ही छोटी गोष्ट नाही. अडचण एवढीच, की खऱ्या-खोट्या कबुलीतला फरक ज्या खटल्यात उघड झाला असता, तो खटलाच होत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक समज आधी सोडावा: 'छोटंच प्रकरण आहे, कबूल करून मोकळं व्हावं.' व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाला काही गुन्ह्यांच्या कबुलीमुळे देश सोडावा लागू शकतो. राज्याच्या कोर्टानं अटी पाळल्यावर प्रकरण काढून टाकलं, तरी कबुली आणि त्यासोबतची शिक्षा किंवा बंधन इमिग्रेशन कायद्याच्या नजरेत दोषसिद्धीच राहते. कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते हे अशिलाला सांगणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये पडिया प्रकरणात सांगितलं. सही करण्याआधी हा प्रश्न वकिलाला स्वतःहून विचारावा, आणि गरज पडली तर इमिग्रेशनच्या वेगळ्या वकिलालाही.