सुप्याचा रस्ता: महामार्ग की गावातली वाट?

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचे सुपा हे पारनेर तालुक्यातले गाव. इथूनच पारनेरला वळायचे. रस्ता चौपदरी झाला, शेजारी एमआयडीसी उभी राहिली, पाठोपाठ हॉटेले, भाड्याच्या खोल्या, गॅरेजेस आली. मराठवाड्याकडे निघालेल्या ट्रकचालकाच्या लेखी हा लांब पल्ल्याचा महामार्ग आहे. शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवर घरी निघालेल्या कामगाराच्या लेखी तो गावातलाच रस्ता. एकाच डांबरावर ही दोन्ही कामे चालतात, आणि झपाट्याने शहर होऊ पाहणाऱ्या गावांतल्या अपघातांचे मूळ बहुतेक इथेच सापडते.

डिव्हायडरमधला कट पाहिला तरी हे कळते. समोरच्या पंपावर जायचे आणि अधिकृत कट किलोमीटरभर पुढे असेल, तर दुचाकीस्वार साईडपट्टीवरून सरळ राँग साईडने निघतो. कुठे एखाद्या हॉटेलासमोर डिव्हायडरच फोडलेला असतो. ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणून यंत्रणा मोकळी होते. पण माणसे रोज कुठून कुठे जातात हे न पाहता आखलेला रस्ता अशी शिस्त मोडायलाच लावतो. सेवारस्ता, भुयारी मार्ग आणि फाट्याच्या अलीकडेच वाहनांना हळू करणारी रचना हे त्यावरचे खरे उपाय. दंड आणि पोलीस त्यानंतर.

वेगाचा हिशेब निष्ठुर आहे. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने धावणारी मोटार, चालकाला भान येण्याचा दीड सेकंद धरून, साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. ताशी ८० ला तेच अंतर जवळजवळ दुप्पट होते. भरलेल्या ट्रकला त्याहूनही जास्त लागते. गळीत हंगामात यात उसाची भर पडते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, वेग जेमतेम २०. ताशी ८० ने मागून येणारे वाहन दर सेकंदाला सोळा-सतरा मीटरने त्या ट्रॉलीवर चाल करून येते. कारखान्यांनी रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ट्रॉली गव्हाणीकडे घेतलीच नाही, तर या स्वस्त उपायाने कितीतरी धडका टळतील.

सरकारी व्याख्येनुसार ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. मोजायची सुरुवातच मढ्यांपासून! नव्या वसाहतीचे फाटक कुठे उघडणार हे नकाशावर आधीच दिसते. धोक्याची जागा तेव्हाच ओळखता येते.

सुधारणा होऊ शकते याचा दाखला राज्यातच आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जण दगावले होते. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि ‘सेव्हलाईफ फाउंडेशन’ यांनी उघडे खांब, कठड्यांची टोके, बंद पडून उभी राहिलेली वाहने अशा बारीकसारीक गोष्टी शोधून दुरुस्त केल्या. २०१९ मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, हा आकडा ९२ वर आला होता. मात्र त्या मार्गावर दुचाकींना बंदी आहे. सुप्याच्या रस्त्यावर त्याच जास्त. आणि २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर मेलेल्या सुमारे १ लाख ६८ हजार माणसांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. त्यामुळे द्रुतगती मार्गाचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. हेल्मेट आणि दुचाकींसाठी वेगळी वाट यांचा विचार इथे आधी हवा.

अपघात झाल्यावर पहिला तास महत्त्वाचा. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण ती येईपर्यंत जखमीजवळ असतात ते टपरीवाले आणि वाटसरू. पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन ते मागे सरत. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम १३४-अ ने अशा मदतनिसांना संरक्षण दिले: नाव सांगण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद झाली आहे. आपल्या फाट्याजवळचे असे रुग्णालय कोणते, हे टपरीवाल्यांना आधीच ठाऊक असेल, तरच या तरतुदीचा वेळेवर उपयोग होतो.