तहानलाडू, भूकलाडू आणि एक शिवलेली पुरचुंडी

शनिवारी संध्याकाळी बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात, गांधी बझारच्या रस्त्याने चक्कर मारली, की खाऊच्या दुकानांपुढे कॉलेजच्या मुलामुलींचे घोळके हमखास दिसतात. कुणी उद्या पहाटे सावनदुर्गला निघालेले असते, कुणी शिवगंगेला, कुणी मकळीदुर्गला. चकली घेतली जाते, कोडबळे घेतले जाते, मसाल्याचे शेंगदाणे तर किलोच्या हिशोबाने. सोबत एखादी आई असली, तर ती वर चिवड्याची पिशवीही कोंबते. एवढा खाऊ पाहून कुणालाही वाटावे, की ही मंडळी आठवडाभर डोंगरावर राहिली तरी उपाशी मरायची नाहीत.

प्रत्यक्षात काय होते, ते डोंगर चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. निम्मा खाऊ बसमध्येच संपतो, उरलेला पहिल्या टप्प्यावर. दुपारी उतरताना पिशव्यांत फक्त चुरा असतो. सारे वेळेवर खाली आले, तर त्यात काही बिघडत नाही. प्रश्न येतो तो वाट चुकल्यावर, पाय मुरगळल्यावर, वर अंधार पडल्यावर.

आपल्याकडे प्रवासाला निघणाऱ्याला तहानलाडू आणि भूकलाडू बांधून देण्याची भाषा आहे. लाडू दोन आहेत, हे लक्षात घ्या. पाण्याची सोय वेगळी आणि अन्नाची वेगळी. आजच्या सॅकमध्ये तिसऱ्या लाडवाचीही जागा हवी, आणि हा लाडू खायचा नसतो. तो जसाच्या तसा घरी परत आणायचा असतो.

फेब्रुवारी 2022 मधली गोष्ट पाहा. केरळमधील पालक्काडजवळ, मलमपुळा येथे, मित्रांबरोबर डोंगर चढायला गेलेला 23 वर्षांचा एक तरुण घसरला आणि उभ्या कड्यातल्या एका कपारीत अडकला. वर जाता येईना, खाली उतरता येईना. लष्कराचे जवान, त्यांत बेंगळुरूहून आलेले पथकही होते, दोराने त्याच्यापर्यंत पोहोचले, तोवर सुमारे 45 तास उलटले होते. इतका वेळ तो अन्नपाण्यावाचून होता. जवानांनी त्याला आधी पाणी आणि खाणे दिले, मग वर ओढून घेतले.

अशा वेळी मित्रांच्या सॅकमध्ये काय आहे, याला काहीच अर्थ उरत नाही. हरवतो तो एकटा माणूस. एका मोठ्या सॅकमध्ये सगळ्यांचा खाऊ आणि ती सॅक आळीपाळीने पाठीवर, ही आपली घरगुती पद्धत कितीही सोयीची असली, तरी म्हणूनच धोक्याची आहे. प्रत्येकाचे थोडे पाणी आणि थोडे खाणे त्याच्या स्वतःच्या अंगावर हवे. आठ वर्षांच्या मुलाच्याही.

गांधी बझारातून काय घ्यावे?

बसवनगुडी ही वस्ती 1898 च्या प्लेगनंतर आखली गेली. खाण्याच्या बाबतीत मात्र तिचा थाट एखाद्या जुन्या पेठेसारखा आहे. पापड विकून संसार उभा करणाऱ्या सुब्बम्मांच्या नावाने ओळखले जाणारे, 1948 पासूनचे दुकान याच गांधी बझारात आहे. अशा दुकानांतले बरेचसे पदार्थ मुळातच टिकण्यासाठी जन्माला आलेले आहेत. तांदळाचे पीठ, डाळे, तीळ, मिरची, वर कडकडीत तेलात तळण. ओलावा निघून गेला, की पदार्थाला बुरशी लवकर धरत नाही. सोलापूर-कोल्हापूरच्या घरांत कडबोळी याच हिशोबाने डबे भरून केली जातात.

पण टिकणे वेगळे आणि डोंगरावर उपयोगी पडणे वेगळे. निप्पट्टु, म्हणजे दाणे घातलेली तांदळाच्या पिठाची खुसखुशीत पुरी, चवीला फार छान. पण सॅकमध्ये दोन तासांत तिचा भुगा होतो. चकलीचेही तेच. त्या मानाने कोडबळ्याचे जाड कडे दणकट. नारळाची वडी घ्यायचा मोह होतो, पण त्यात ओले खोबरे असते. उन्हात ती दिवसभर राहिली, तर संध्याकाळी तिच्यावर विश्वास ठेवू नये. कोरड्या खोबऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा तुकडा गुळाबरोबर चावायला द्या, मुले तासभर चालतात.

आणि शेंगदाणे! बसवनगुडीच्या दोड्ड बसवण्णाच्या देवळाजवळ कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाची जत्रा भरते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा नवा माल तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना ढिगांनी ओतलेला असतो. 100 ग्रॅम दाण्यांतून सुमारे 560 कॅलरी आणि 25 ग्रॅम प्रथिने मिळतात. इतक्या कमी वजनात इतके पोषण देणारी आणि इतकी स्वस्त दुसरी वस्तू सापडणे कठीण. फक्त जत्रेतल्या ताज्या शेंगा ओलसर असतात. त्या भरून न्यायच्या, तर घरी मंद आचेवर नीट भाजून, पूर्ण गार करून.

मसाल्याचे ‘काँग्रेस’ शेंगदाणे चढताना चांगले. घामावाटे मीठ जातेच, ते भरून निघते. मात्र जवळचे पाणी संपत आले असेल, तर खारट, तिखट काहीही तोंडात टाकू नये. त्याने तहान भडकते. सावनदुर्गचा तो 1,226 मीटर उंचीचा डोंगर म्हणजे बहुतेक उघडा कातळच आहे. तिथे अकरा वाजता खारे दाणे खाऊन बाटली रिकामी करणाऱ्याची दुपारी काय अवस्था होते, ते सांगायला नको.

दुपारचा डबा

डब्याबद्दल फार लिहायला नको, आपल्या गृहिणींना ते शिकवावे लागत नाही. एकच सांगते. बेंगळुरूत इडलीबरोबर ओल्या नारळाची चटणी देण्याची सवय इतकी पक्की आहे, की ती डोंगरावरही जाते आणि दहापर्यंत आंबते. त्याऐवजी इडल्यांना तेलात कालवलेली चटणीपूड लावून न्या. भातच हवा असेल तर चिंचेचा पुळियोगरे. चिंचेच्या आंबटपणामुळे तो साध्या भातापेक्षा बरा टिकतो, तरी दुपारपर्यंत संपवायचाच. गरम भात डब्यात कोंबून झाकण लावणे मात्र कटाक्षाने टाळा. कोमट, दमट भातात जंतू झपाट्याने वाढतात. आपल्या दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी यांना अजून तोड नाही.

तयार भाज्या-भाताची पाकिटे हल्ली सर्रास मिळतात. हे तंत्र आपल्याकडे मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी विकसित केले आणि तिथून ते खासगी कंपन्यांकडे आले. पाकीट महिनोन्महिने टिकते, न शिजवता खाता येते. पण त्यात पाण्याचा अंश भरपूर, त्यामुळे वजनाच्या मानाने शक्ती कमी. मुक्कामाला ठीक, खिशात ठेवायला नव्हे.

न उघडायची पुरचुंडी

आता तो तिसरा लाडू. 1937 साली अमेरिकन लष्करातील कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीकडून सैनिकांसाठी संकटकाळचे चॉकलेट बनवून घेतले. वजन 4 औंस, शक्ती 600 कॅलरी, उन्हात वितळता कामा नये. आणि चव? उकडलेल्या बटाट्यापेक्षा जेमतेम बरी असावी, अशी त्यांची अट होती. चविष्ट असेल तर सैनिक ते वेळेआधीच फस्त करतील, हे त्यांनी ओळखले होते.

गांधी बझारात बेचव वस्तू शोधणे अवघड, हे मान्य. त्यावर घरगुती उपाय आहे. एका माणसासाठी 200 ग्रॅम गुळाची चिक्की आणि 100 ग्रॅम बिया काढलेला खजूर घ्या. एवढ्यात साधारण 1,200 कॅलरी होतात. त्या बटरपेपरमध्ये गुंडाळा, पाणी शिरू नये म्हणून घट्ट पिशवीत ठेवा, आणि वरून जुन्या सुती कापडाची पुरचुंडी करून तिचे तोंड सुईदोऱ्याने चक्क शिवून टाका. गाठ सोडायला क्षणही लागत नाही. टाके उसवायला मात्र बसावे लागते, आणि तेवढ्यात माणूस विचार करतो की आपण खरोखर अडकलो आहोत, की नुसतीच भूक लागली आहे.

चिक्की का? ती शिजवावी लागत नाही, अंधारात एका हाताने खाता येते आणि जिभेला जाळत नाही. डिसेंबर-जानेवारीत नंदी टेकड्यांच्या परिसरात रात्री चांगलाच गारठा असतो. कुडकुडणारे शरीर भराभर शक्ती खर्च करते, तेव्हा गूळ लगेच कामी येतो आणि दाण्यांतले तेल पुढे पुरते. आजोबांच्या कवळीला चिक्की झेपणार नसेल, तर त्यांच्या पुरचुंडीत दाण्याच्या कुटाचा लाडू. दाण्यांची ॲलर्जी असणाऱ्याला राजगिऱ्याची वडी आणि जादा खजूर. ती वडी दाणे न घालता केलेली आहे ना, हे आधी विचारून घ्या.

पुरचुंडीबरोबर अर्ध्या लिटरची एक वेगळी बाटली, तिलाही हात न लावण्याच्या बोलीवर. पाणी अजिबात नसेल, तर पुरचुंडीही शक्य तोवर उसवू नये. अन्न पचवायलाही शरीराला पाणी लागते. अन्नावाचून धडधाकट माणूस काही दिवस काढतो, पाण्यावाचून त्याचे हाल फार लवकर सुरू होतात. जोडीला क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, 200 मिलिलिटरची छोटी पाकिटे ठेवा. एक लिटरचे मोठे पाकीट अर्ध्या बाटलीत ओतले, तर मिश्रण दुप्पट तीव्र होते आणि फायद्याऐवजी अपाय होतो.

मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी ग्लुकोजच्या गोळ्या शर्टाच्या खिशात ठेवाव्यात, पुरचुंडीत नव्हे. रक्तातली साखर अचानक उतरली, की हात थरथरतात. त्या वेळी टाके कोण उसवणार? सोबत्यांनाही तो खिसा दाखवून ठेवलेला बरा.

शिवगंगा आणि नंदीला माकडांचा उपद्रव आहे. प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरली, की ती हजर होतात आणि सॅकसकट ओढतात. खाऊ स्टीलच्या डब्यात किंवा कापडात ठेवला, की आवाज होत नाही, आणि कागद-पिशव्या वर टाकून येण्याचा प्रश्नही मिटतो.

परत आल्यावर पुरचुंडी सॅकमध्येच विसरू नका. बांधतानाच कापडावर बॉलपेनने तारीख लिहावी. दोन महिने झाले, की ती उसवून चिक्की मुलांना वाटून टाकायची आणि नवी भरायची. दाण्यांतले तेल खवट होते आणि बंद कापडावरून ते कळत नाही. उन्हाळ्यात महिन्यालाच बदला. पाण्याची बाटलीही दर वेळी ओतून, घासून, ताजी भरून घ्यायची.